सोमाजीचा अंगठा

डोंग्यात बसणाऱ्याला नाव विचारायचं नाही, ही सोमाजी नावाड्याच्या घरची रीत. माणूस बसला, वैनगंगेच्या पल्याड उतरवला, विषय संपला. मग तो मार्कंड्याच्या जत्रेला निघालेला असो की आणखी कुठे. पण जंगलातली बंदूकवाली पोरं या घाटावरून येऊ-जाऊ लागली आणि ही रीत सोमाजीच्या जिवावर उठली. पोरं दटावायची, पोलिसांच्या कॅम्पातलं कोण उतरलं ते सांग. कॅम्पातले दटावायचे, जंगलातलं कोण चढलं ते सांग. दोघांनाही त्याचं उत्तर एकच, "आठवत नाई."

हे उत्तर त्याला बायकोनं, कुंतानं शिकवलेलं. सोमाजीला खोटं पचायचं नाही. खोटं बोलला की उजव्या पायाचा अंगठा माती उकरायला लागायचा. म्हणून कोणी विचारायला आलं की धोतराचा सोगा पायावर सोडायचा, हेही तिनंच शिकवलं.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. जीव वाचला, पण झोप गेली ती गेलीच. कुत्रं भुंकलं की हा घामानं भिजून उठून बसायचा. दिवसासुद्धा मागून कोणी हाक मारली की छाती धडधडायची, ती तासभर थांबायची नाही.

मग तो जाळ्याची गाठ विसरला. रीताला, पोटच्या पोरीला, कोणत्या गावी दिली ते विसरला. कुंता चिडायची, "माह्यापाशीबी तेच नाटक काऊन करता?" एका सकाळी तो डोंगा बांधायलाच विसरला आणि डोंगा धारेला लागून गेला. नदीवरच जन्म काढलेल्या धीवराच्या हातून असं होत नाही. कुंतानं त्याला एसटीत घातलं आणि गडचिरोली गाठली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं बराच वेळ तपासलं, विचारलं, मग म्हणाला, "बाई, भीती वाटली की शरीर पळायला नाहीतर लढायला तयार होतं. भीती गेली की ते परत शांत व्हायला पाहिजे. यांचं इतकी वर्षं शांत झालंच नाही. नुसतं त्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, पण अशानं मेंदू लवकर म्हातारा होतो. वय पन्नासच्या आतलं, पण डोकं सत्तरीचं झालंय. यांना शांतता द्या. कोणी दरडावू नका."

कुंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शांतता कोन्त्या दुकानात भेटते, डॉक्टरसाहेब? तुमच्या गोळ्याइच्या दुकानात हाये का?" डॉक्टर मान खाली घालून गोळ्या लिहीत राहिला. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष! ज्यांचा होता ते तिच्या हाताला लागत नव्हते, हाच तर तिचा संताप होता.

आठवडा झाला नाही तोच कॅम्पातून बोलावणं आलं. कोणा एकाला पकडलं होतं. तो या घाटावरून गेला होता की नाही, सोमाजीनं सांगायचं. नाही सांगितलं तर आजपासून आतच राहायचं. नदीतून चालत आल्यामुळे सोमाजीचं धोतर गुडघ्यावर खोचलेलं, तसंच राहिलं. सोडायला कुंता विसरली. त्यानं समोर उभ्या केलेल्या त्या पकडलेल्या माणसाकडे पाहिलं. "आठवत नाई, साहेब."

कॅम्पाचा साहेब टेबलावर हात आपटून ओरडला, "वर्षानुवर्षं हेच ऐकतोय!"

"वरडू नोका!" कुंता पुढं झाली. "तुमीबी वरडले, त्याइनंबी धमकावलं. साऱ्याइनं मिळून ह्या मानसाचं डोकं खाल्लं, अन् आता त्यातलंच मांगून राह्यले? डॉक्टरनं सांगतलं, ह्याइचं डोकं म्हातारं झालं. खरंच नाई आठवत!"

"असं?" साहेबानं सोमाजीला विचारलं, "मग ही बाई कोण, हे तरी सांग."

सोमाजीनं कुंताकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घालून, जत्रेतल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं बराच वेळ पाहिलं.

"आठवत नाई, साहेब."

साहेब पोट धरून हसला. "बघा! बायकोसुद्धा आठवत नाही म्हणतो. किती मुरलेला आहे!"

कुंताचे डोळे सोमाजीच्या पायांकडे गेले. तंबूतल्या ओल्या मातीत अंगठा जागचा हलला नव्हता.

"हासू नोका," ती म्हणाली, "ह्या खेपी थे खरं बोलून राह्यले."