सासऱ्यांची खुर्ची आणि ढब्बूची बाटली

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. ही ज्या आरामखुर्चीत मी पाय पसरून बसलोय ना, ती मला कुत्र्याच्या पिल्लाच्या लघवीने मिळवून दिली. हसा खुशाल! साडूबुवा, तुम्ही मात्र चहा प्या. तुमच्या पोटात तेव्हापासून दुखतंय, ठाऊक आहे मला.

खुर्ची सासऱ्यांची. ते गेल्यावर सासूबाई तिच्यात कुणाला बसू देत नसत. मग त्यांच्या कुत्रीला दोन पिल्लं झाली. एक मला दिलं, एक साडूंना आणि म्हणाल्या, "ज्याचं पिल्लू चांगलं वाढेल, खुर्ची त्याची."

आता हे आमचे साडू म्हणजे सासूबाईंच्या गळ्यातला ताईत. त्यांना चहा द्यायच्या तो कपाचा कान त्यांच्याकडे वळवून. माझा कप नुसता आदळायचा. साडूंचं पिल्लूही तसलंच. नाव सरदार, छाती पुढे. माझा ढब्बू चालताना स्वतःच्याच कानावर पाय द्यायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन्ही पिल्लांना तपासायला नेलं, सासूबाईही बरोबर होत्या. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा थेंब एका इवल्याशा दुर्बिणीवर ठेवला आणि ती उजेडाकडे धरली.

"सरदारची छान घट्ट आहे. ढब्बूची अगदी पाण्यासारखी."

"म्हणजे मूत्रपिंडं गेली?"

"छे हो! पिल्लांची मूत्रपिंडं कच्ची असतात. अंगातलं पाणी राखून ठेवायला हळूहळू शिकतात. कुणी लवकर, कुणी उशिरा. पुढच्या आठवड्यात सकाळची पहिली लघवी आणा."

"आमचा सरदार पोटातूनच शिकून आलाय," साडू म्हणाले. तेही सासूबाईंकडे बघून!

ठरल्या दिवशी पहाटेपासून मी पळी घेऊन ढब्बूच्या मागे. तो बसला की मी पळी सरकवायचो, की हा उठून पळी चाटायला लागायचा. पायपुसणं भिजलं, माझा बूट भिजला, पळी कोरडी ठणठणीत. तेवढ्यात साडूंचा फोन, "आमची बाटली भरली बरं का!"

डोक्यात तिडीक गेली. बाटली घेतली, ढब्बूला काखेत मारलं, न्हाणीघरात शिरलो आणि कडी लावली. आत काय झालं ते आम्हा दोघांत. बाहेर आलो तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण उजेडाकडे धरली. पुसली. पुन्हा धरली. "एवढी घट्ट? ही तर एखाद्या मोठ्या माणसासारखी... म्हणजे, मोठ्या कुत्र्यासारखी!"

सासूबाईंनी एवढंच ऐकलं आणि संध्याकाळी खुर्ची माझ्या दारात. साडूंचं तोंड असं झालं होतं, की वाटलं फोटो काढून भिंतीवर लावावा.

पण खरी गंमत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बाईंनी नंतर त्या लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवली. तर काय, साखर! भरपूर साखर! ढब्बूचं रक्त तपासलं, तर ते अगदी ठणठणीत. बाई चक्रावल्या. मी म्हटलं, "बाई, पिल्लूच इतकं गोड, ती साखर कुठेतरी उतरणारच ना!"

साडूंचा चमचा कपात थांबला. त्यांनी माझ्या बिनसाखरेच्या चहाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साडूबुवा," ते म्हणाले, "साखर ढब्बूला कधीच नव्हती. ती तुमची! उठा खुर्चीतून."