इंजिनखोलीतले दोनशे किलो

प्लासिडला या सौद्यात दोन गोष्टी मिळायच्या होत्या: एक खोली आणि एक मुलगा. मुलगा, पास्कल, तसा त्याचाच होता. पण बँकेतून आला की सायकल भिंतीला टेकवून जो इंजिनखोलीत शिरायचा, तो रात्रीच्या रोझरीच्या प्रार्थनेची वेळ झाल्यावरच बाहेर पडायचा. वाडीतल्या कामाला त्याचा हात म्हणून कधी लागायचा नाही.

खोली विहिरीला लागून होती. विजेचा पंप आल्यावर जुनं डिझेल इंजिन भंगारात गेलं आणि ती मोकळी झाली. तिथे राजेळी केळी पिकवावीत, सोलून उन्हात वाळवावीत आणि सुकेळी करून विकावीत, असा प्लासिडचा बेत होता. गिरीज गावात बेत मनात ठेवणाऱ्याची जागा दुसराच धरतो. प्लासिड बेत करत बसला आणि पास्कलने तिथे लोखंडी दांडा आणि वजनाच्या चकत्या आणून टाकल्या. पाठोपाठ वॉल्टर आणि मायकल हे दोन दोस्तही आले.

त्र्याऐंशीच्या नाताळला शाळेतले पीटीचे जॉनसर जेवायला होते. या तिघा पोरांना वजन उचलायला तेच शिकवत. पास्कल फुशारकीत म्हणाला, "मागच्या नाताळला शंभर किलो उचलत होतो, आज एकशे साठ. डेडलिफ्ट!"

"जमिनीवरून उचलायचं ना?" प्लासिडने विचारलं.

"हो. कमरेशी आणून ताठ उभं राहायचं."

"आणि मग?"

"मग खाली ठेवायचं."

"तिथंच तर होतं की ते!"

सगळे हसले. पास्कल चिडला. "दोनशे उचलून दाखवीन, बाबा!"

"कधी?"

"उचलीन."

"'उचलीन' ही काय तारीख झाली? ईस्टरपर्यंत उचल. उचललंस तर खोली तुझी, मी जन्मात तिचं नाव काढणार नाही. नाहीतर खोली माझी, आणि संध्याकाळी तू वाडीत."

पास्कलचं ताट मटणाने भरलेलं होतं आणि अशा ताटासमोर माणसाला सगळंच जमेलसं वाटतं. तो 'हो' म्हणून मोकळा झाला.

जॉनसरांनी कपाळाला हात लावला. "अरे, वर्षात साठ वाढले म्हणून चार महिन्यांत चाळीस वाढतील? ते साठ तुला कोवळ्या वयाने फुकट दिले. यापुढे एकेक किलो विकत घ्यावा लागेल. मांस, अंडी, झोप आणि धीर देऊन. वर्ष लागेल, कदाचित जास्तच."

प्लासिड मान डोलावत राहिला. सरांना जे माहीत होतं त्याहून एक गोष्ट त्याला जास्त माहीत होती. ईस्टरच्या आधी उपवासकाळ असतो.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला आणि प्लासिडच्या बायकोने, आल्बिनाने, स्वयंपाकघरातून मटण, मासळी, अंडी सगळं हद्दपार केलं. पास्कल आईच्या मागे लागला. "आई, दोनच अंडी. उकडलेली. कुणाला कळणार नाही."

"देवाला कळेल. प्रभू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला."

"त्याला दोनशे किलो उचलायचे नव्हते ना!"

"त्याने क्रूस उचलला," आल्बिना शांतपणे म्हणाली. "अंडी खाऊन उचलला होता का?"

 ओटीवर बसलेल्या प्लासिडला इतका आनंद झाला की चहात साखर कमी पडलेली त्याला कळलीही नाही.

त्या आनंदातच त्याच्या हातून चूक झाली. ईस्टरपर्यंत थांबायचं सोडून त्याने आधीच ताबा दाखवायचं ठरवलं. विहिरीकडची राजेळी भरात आली होती. एका रविवारी त्याने काळूराम गड्याला हाताशी घेतलं, सगळे घड उतरवले आणि इंजिनखोलीच्या वाशांना ओळीने टांगले.

"बाबा, ईस्टर अजून व्हायचाय," पास्कल म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतोय? केळी वर, तुम्ही खाली. कुणाची अडचण आहे का?"

अडचण कुणाचीच नव्हती. घड हळूहळू पिवळे होत गेले. खाली वाटाणे-वाल खाऊन लोखंड उचलणारे तीन जवान, डोक्यावर बोटभर जाड राजेळी, आणि केळ्याला उपवासाची आडकाठी नाही. प्लासिड सुकेळ्यांसाठी घड काढायला आला, तेव्हा वाशांना घडांचे नुसते दांडे लोंबत होते.

"हे काय?" तो ओरडला.

"उपवासाचं," वॉल्टर म्हणाला आणि मायकलच्या मागे लपला.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी इंजिनखोलीसमोर सगळे जमले. एकशे ऐंशी पास्कलने उचलले. मग दोनशे लावले. दांडा जमिनीवरून सुटला, गुडघ्यांपर्यंत आला आणि तिथे थांबला. पास्कलच्या मानेच्या शिरा फुगल्या. "वर घे!" असं कुणीतरी ओरडलं. तो आवाज आपलाच होता हे प्लासिडला नंतर कळलं. दांडा खाली आदळला.

पास्कलने हात झटकले. "खोली तुमची, बाबा."

प्लासिड जिंकला होता. त्याने खोलीत डोकावून पाहिलं. ठेवायला एक केळं नव्हतं. पुढची राजेळी यायला बरेच महिने होते, आणि जागा रिकामी ठेवणं त्याच्या स्वभावात बसेना. "केळी येईपर्यंत राहू दे तुझं लोखंड," तो म्हणाला. "पण संध्याकाळी आधी वाडी."

पास्कल शब्दाला जागला. आधी पाणी सोडायचा, मगच दांड्याला हात लावायचा. एकशे पंचाऐंशी झाले. पावसाळा गेला, एकशे नव्वद झाले. मग दोन महिने काहीच वाढेना. प्लासिड येता-जाता विचारू लागला, "आज किती?" सकाळी आल्बिनाला दटावू लागला, "त्याला अंडी दिलीस का? दोन दे!"

"उपवासकाळात कुठे गेला होतात?" ती म्हणायची.

हिवाळ्यात राजेळीचे नवे घड तयार झाले. तेव्हा पास्कल एकशे पंचाण्णववर होता. काळूरामने विचारलं, "शेठ, खोलीत टांगू का?"

प्लासिडने खोलीकडे पाहिलं. आतून दांड्याचा खणखणाट येत होता. "यंदा कच्चीच घाल बाजारात," तो म्हणाला.

नाताळच्या आठवड्यात दोनशे किलो गुडघ्यापाशी क्षणभर रेंगाळले, आणि कमरेपर्यंत आले. पास्कल ताठ उभा राहिला. जॉनसर म्हणाले, "ठेव आता." "थांब जरा, नीट बघू दे," प्लासिड म्हणाला. नंतर खोलीची किल्ली त्याने स्वतःच दारावरच्या खिळ्याला अडकवली आणि पास्कलला म्हणाला, "तुझं लोखंड इथून हलवू नकोस."

एकूण जमाखर्च असा झाला. पास्कलचा घाम गेला, पण तो त्याने हौसेने गाळला. जॉनसरांचा अंदाज खरा ठरला. आल्बिनाचा उपवासकाळ निर्मळ पार पडला. वॉल्टर आणि मायकल तर निव्वळ नफ्यात राहिले. एका हंगामाची सुकेळी प्लासिडची गेली, दुसऱ्या हंगामाची राजेळी कच्च्या भावात गेली तीही प्लासिडची, आणि जिंकलेली खोली त्याने आपल्या हाताने देऊन टाकली. त्या दोनशे किलोंची किंमत एकट्या प्लासिडने मोजली, आणि सांडोर गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना ती त्याने वर्षभर छाती फुगवून सांगितली.