गाळलेला धडा

आमच्या धंद्यातला पहिला धडा सगळ्यात सोपा असतो, आणि तोच मी त्या माणसाला मुद्दाम शिकवला नाही. बाकी सगळं शिकवलं, अगदी मन लावून. बाईंनी कामचुकारपणा केला असं उद्या कुणी म्हणायला नको.

धंदा असा आहे. एखाद्या कंपनीत काहीतरी जळतं, फुटतं, गळतं, माणसं हॉस्पिटलात जातात आणि फाटकाशी कॅमेरे येऊन उभे राहतात. त्या कॅमेऱ्यांपुढे काय बोलायचं, किती बोलायचं, हात कुठे ठेवायचे, हे साहेब लोकांना शिकवायला मला बोलावतात. दहा वर्षं मी बातमीदार होते आणि गेली नऊ वर्षं लोकांना बातमीदारांपासून वाचवते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायची कशी हे शिकवणारी मी.

त्या माणसाला आमच्या घरात गोडबोल्या म्हणतात. वीस वर्षांपूर्वी तो एका शीतगृहाच्या कारखान्यात जनसंपर्काचा नवा नवा अधिकारी होता, आणि माझे वडील, अप्पा, तिथेच मशीनरूममध्ये ऑपरेटर होते. एका दुपारी अमोनियाची पाइप फुटली. गॅस गळाला की अलार्म वाजायला हवा, तो वाजला नाही. तीन माणसं गेली. त्यात आमच्या समोरच्या दारातले, तिथेच आत माल लावणारे काका होते, ज्यांच्याबरोबर अप्पा दर रविवारी कॅरम खेळायचे आणि दर रविवारी भांडायचे. संध्याकाळी गोडबोल्या फाटकाशी उभा राहिला आणि अगदी दुःखी चेहरा करून म्हणाला, "प्राथमिक माहितीनुसार ही मानवी चूक आहे."

त्या पाळीला मशीनरूममध्ये मानव एकच होता.

अप्पा घरी सांगत राहिले की अलार्म वरच्या साहेबांनीच बंद करून ठेवला होता, आपण रजिस्टरमध्ये तसं लिहूनही दिलं होतं. रजिस्टर काही सापडलं नाही. नोकरी गेली. चौकशी सहा वर्षं चालली आणि पुराव्याअभावी बंद झाली. पुराव्याअभावी सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. समोरच्या काकूंनी आमच्याकडे बघणं सोडलं. जिन्यात अप्पा दिसले की त्या भिंतीकडे तोंड करून थांबायच्या, ते खाली उतरेपर्यंत. मग अप्पांनीच जिना उतरणं कमी केलं. बाल्कनीतली खुर्ची मागच्या खोलीत नेली. आई गेली तेव्हासुद्धा काकू आल्या नाहीत. मला राग काकूंचा कधीच आला नाही. राग मी जपून ठेवला होता, त्याच्यासाठी.

आणि आता स्वतःचंही सांगते, नाहीतर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं व्हायचं. 'मानवी चूक' हे दोन शब्द मी स्वतः किमान पाच कंपन्यांना लिहून दिले आहेत. पाचही वेळा मला माहीत होतं की कुणाच्या तरी घरात त्या शब्दांनी चूल थंड होणार आहे. पोटासाठी केलं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आमचा धंदाच तो.

तर, सोमवारी त्याच कंपनीतून फोन आला. दुसऱ्या कारखान्यात गळती झाली होती, नऊ कामगार हॉस्पिटलात होते, सगळे जिवंत. बुधवारी दुपारी चार वाजता पत्रकार परिषद. साहेबांची तयारी करून घ्याल का? साहेब म्हणजे गोडबोल्या. आता तो कंपनीचा सर्वेसर्वा होता. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. लग्नानंतर आडनाव बदलतं याचा फायदा मला आयुष्यात एकदाच झाला, तो हा.

मंगळवारी सकाळी सहाव्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत आम्ही भेटलो. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, खिडकीला राखाडी पडदे. माझा कॅमेरावाला, ज्याला सगळे मामा म्हणतात, त्याने स्टँड लावला, माइक तपासला आणि रीतीप्रमाणे बाहेर गेला. कारण माझी सुरुवात नेहमी कॅमेरा बंद ठेवून होते. त्याला मी 'तळ काढणं' म्हणते. काय झाकायचं तेच ठाऊक नसेल तर झाकणार कसं? म्हणून आधी साहेबांनी मला सगळं खरं सांगायचं. मी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते, त्यामुळे सगळे सांगतात. डॉक्टरपुढे शर्ट काढावा इतक्या सहज सांगतात.

"अलार्म का वाजला नाही?" मी विचारलं.

"बंद होता. आम्हीच ठेवतो बंद. तो जरा काही झालं की वाजतो, आणि एकदा वाजला की चाळीस मिनिटं काम ठप्प. नियमच आहे तसा."

"ऑपरेटरनी तक्रार केली नव्हती?"

"ते करतातच हो. लिहायला काय लागतं?" तो पाणी प्यायला. "वीस वर्षांपूर्वी पण हेच झालं होतं. तेव्हा एक म्हातारा ऑपरेटर होता. त्याने तर तीनदा लिहून दिलं होतं रजिस्टरमध्ये."

अप्पा तेव्हा पन्नाशीचे होते. म्हातारे नंतर झाले, याच्यामुळे.

"मग रजिस्टर?" मी विचारलं.

"ते मी त्याच संध्याकाळी उचललं. त्यामुळे तर वाचलो सगळे." तो हसला. "तुम्ही लिहिताय का हे?"

"नाही. हे कधीच लिहीत नाही," मी म्हटलं आणि हातातलं पेन खाली ठेवायला गेले. ठेवलं गेलं नाही, पडलं. मी वाकून टेबलाखाली शोधू लागले. पेन समोरच होतं, पण चेहरा वर काढायची हिंमत होत नव्हती. दाताखाली ओठ धरून मी तिथेच ओणवी राहिले. आणि वर, त्या शांततेत, गोडबोल्या आपणहून पुन्हा बोलू लागला.

"म्हणजे, तसं काही आम्ही मुद्दाम नव्हतं केलं... त्या वेळी परिस्थितीच अशी होती... मी तर फक्त सांगितलं ते केलं..."

मी टेबलाखालीच थांबले. डोकं एकदम लख्ख झालं. या माणसाला शांतता सोसत नव्हती. कुणी गप्प बसलं की त्याला ती जागा भरावीच लागायची. असे खूप असतात. म्हणूनच तर पहिला धडा असतो: उत्तर संपलं की तोंड बंद. समोरचा बातमीदार गप्प बसून तुमच्याकडे बघत राहील, बघू द्या. मनात आकडे मोजा, पाणी प्या, पण बोलू नका. ज्याला हे जमलं त्याचं निम्मं शिक्षण झालं.

मी पेन घेऊन वर आले, मामाला आत बोलावलं आणि धडा दुसऱ्यापासून सुरू केला.

चार तास घेतले. कोट कोणता, मान किती झुकवायची, आधी जखमींबद्दल बोलायचं आणि मग कंपनीबद्दल, प्रश्नातला वाईट शब्द उत्तरात घ्यायचा नाही. लाल दिवा लागला की मी बातमीदार व्हायची आणि त्याला सोलून काढायची. आणि त्याचं उत्तर संपल्या क्षणी, मध्ये श्वासाचीही फट न ठेवता, मी म्हणायची, "छान!"

"जखमींच्या कुटुंबांच्या पाठीशी आम्ही उभे आहोत."

"छान!"

"चौकशी चालू असताना निष्कर्ष काढणं योग्य ठरणार नाही."

"वा, छान!"

दुपारपर्यंत त्याला सवय लागली. वाक्य संपलं की तो माझ्याकडे बघायचा, पाढा म्हणून दाखवलेल्या पोरासारखा. मी 'छान' म्हटलं की त्याचे खांदे खाली यायचे. एकदा मी मुद्दाम दोन सेकंद उशीर केला. लगेच त्याने नवं वाक्य जोडलं. मी पुन्हा उशीर केला नाही. औषधाची मात्रा जास्त व्हायला नको होती.

सामान आवरताना मामा वायर गुंडाळत म्हणाला, "ताई, आज गप्प बसायचं शिकवलं नाहीत?"

"वेळ कमी पडला."

"चार तास होते," मामा म्हणाला. नऊ वर्षं तो माझ्याबरोबर आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण घड्याळाकडे बघितलं ते मला दिसावं असं बघितलं.

संध्याकाळी मी माझ्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती अजून बातमीदारी करते. प्रश्न असे विचारते की समोरच्याला लागतोच, म्हणून आम्ही तिला ठसका म्हणायचो.

"उद्या जाणार आहेस ना? वीस वर्षांपूर्वीच्या अपघाताचं विचार," मी म्हटलं.

"काय आहे त्यात? काही कागद?"

"काही नाही. मी काहीच सांगू शकत नाही. फक्त विचार आणि गप्प बस. कितीही वेळ लागला तरी गप्प बस."

ठसका थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अशी?"

"अशीच."

हे चांगलं केलं का? नाही. गुप्ततेच्या कागदातला एक शब्द मोडला नाही, पण ज्या धंद्याचं खाते त्याच्याशी बेइमानी केली. झोप मात्र मला बऱ्याच दिवसांनी छान लागली.

बुधवारी मी हॉलच्या अगदी मागे, खांबाशेजारी उभी राहिले. गोडबोल्या आला. कोट बरोबर, मान बरोबर. जखमींबद्दल इतकं सुंदर बोलला की माझी मलाच लाज वाटली, कारण ती वाक्यं माझी होती. सात-आठ प्रश्न झाले. प्रत्येक उत्तरानंतर तो किंचित थांबायचा, कुणाचं तरी काहीतरी ऐकायला. पण बातमीदार एकमेकांवर तुटून पडत होते, त्यामुळे फट भरून जात होती.

मग ठसका उभी राहिली. "वीस वर्षांपूर्वी तुमच्या कारखान्यात तीन जण गेले. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की मानवी चूक आहे. कुणाची चूक होती ती?"

"ती जुनी गोष्ट आहे. आज आमचं सगळं लक्ष जखमी कामगारांकडे आहे."

उत्तम उत्तर. मी दहापैकी नऊ दिले असते. त्याने ठसक्याकडे बघितलं. ठसका त्याच्याकडे बघत उभी राहिली. माइक तिच्याच हातात होता आणि ती तो सोडत नव्हती. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं.

"तेव्हा चौकशी झाली होती," तो म्हणाला. "ऑपरेटरने वेळेत कळवलं असतं तर..."

ठसका गप्प.

"म्हणजे, कळवलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पण कळवण्याची एक पद्धत असते."

ठसका गप्प. त्याची नजर हॉलभर फिरली आणि मागे खांबाशी येऊन थांबली. माझ्यावर. त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एक शब्द, दोन अक्षरं. मी ओठ घट्ट मिटले आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिले.

"अहो, तीनदा लिहून दिलं म्हणून काय लगेच अलार्म चालू करायचा?" त्याचा आवाज चढला. "चाळीस मिनिटं काम बंद पडतं! तेव्हाही पडायचं, आताही पडतं!"

सगळ्या हॉलमध्ये एकही पेन हलत नव्हतं. मग एकदम सगळी हलली. बाजूला बसलेल्या वकिलाने डोक्याला हात लावला.

मी लिफ्टमधून खाली उतरते तोच त्याचा फोन आला. "बाई, हे काय झालं? तुम्ही काय शिकवलंत मला?" मी काही बोलले नाही. "मी तुम्हाला कोर्टात खेचीन!" मी गप्प. "तुम्हाला या धंद्यात उभं राहू देणार नाही..." मी गप्प. "आता काय करायचं ते तरी सांगा. रजिस्टर विचारतायत ते. ते मी नेलं होतं हे कुणाला कळता कामा नये, बाई, तुमचा शब्द आहे मला..."

"छान," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तडक माहेरी पोचले तर अप्पा पुढच्या खोलीत होते. वीस वर्षांत त्यांनी बातम्या लावल्या नव्हत्या. आज टीव्ही चालू होता आणि त्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. तीनदा लिहून दिलं म्हणून काय.

"तू शिकवलंस त्याला हे बोलायला?" अप्पांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही अप्पा. एक गोष्ट शिकवायची राहिली."

दार वाजलं. मी उघडलं. समोरच्या काकू उभ्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. इतक्या जवळून मी त्यांना वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हाताला पीठ तसंच होतं, हात न धुताच आल्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच थांबल्या आणि अप्पांकडे बघू लागल्या. अप्पा खुर्चीचे दांडे धरून उठले.

या काकू, बसा, असं काहीतरी माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण गप्प बसणं ही माझ्याच धंद्यातली विद्या आहे. मी दाराला टेकून उभी राहिले.

खूप वेळाने काकू म्हणाल्या, "तीनदा लिहून दिलं होतंत तुम्ही?"

अप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"चारदा," ते म्हणाले. "चौथ्यांदा त्याच दिवशी सकाळी. माझा कॅरमचा गडी कामावर आला तेव्हा त्यालाही सांगितलं होतं मी, आज आत फार वेळ थांबू नकोस म्हणून."