दैवशालाबाईंची सॉसची बाटली

मी एक काचेची बाटली बोलतेय. उंचीला वीतभर, खांद्याशी थोडी निमुळती, तोंडाला आटोपशीर. केदारखेड्यातल्या ज्या घरात मी राहते, तिथे मला सगळे 'सॉसची बाटली' म्हणतात. सॉस माझ्यातून कधीच संपला, नाव मात्र चिकटून राहिलं. माणसांचंही असंच असतं. तलाठी निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी गाव त्यांना तलाठीच म्हणतं.

माझा जन्म भट्टीतला. गाव कुठलं ते आठवत नाही, धग तेवढी आठवते. थंड झाल्यावर माझ्यात लालभडक सॉस भरला, अंगावर टवटवीत टोमॅटोचं चित्र चिकटवलं, डोक्यावर सोनेरी झाकण बसवलं. भोकरदनच्या एका दुकानात मला वरच्या फळीवर मांडलं, तेव्हा माझ्या डोक्यात हवाच गेली होती. खाली पोत्यात हळकुंडं आणि मिरच्या बसलेल्या, त्यांच्याकडे मी नाक मुरडून बघायची. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तिथून मला मोनालीने आणलं. ती बारावीला. वाढदिवसाला मैत्रिणींना नूडल्स करून घालायच्या म्हणून मी आले आणि वाढदिवस संपला तरी राहिले. घरात तीनच माणसं. मोनाली, तिची आई दैवशालाबाई आणि वडील राजानंदराव. बाई अंगणवाडीत मदतनीस, पोरांचा खाऊ शिजवतात. राजानंदराव एका शाळेची पिवळी गाडी चालवतात. सकाळी तीस पोरं गोळा करायची, संध्याकाळी तीसच्या तीस दारात सोडायची. या कामाचा त्यांना भारी अभिमान.

आणि या राजानंदरावांना खारट खायचा नाद. आपल्याकडे ताट वाढायचं म्हणजे आधी मीठ. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ पडलं की मग बाकीचं. बाकीचे लोक ते मीठ लागलं तर घेतात. राजानंदराव मात्र भाजीची चव बघायच्या आधीच त्या कोपऱ्यात बोट बुडवायचे. वर लोणचं, पापड, खारी मिरची. मी आल्यावर त्यांना आणखी एक सोबतीण मिळाली. भाकरीवर सॉस ओतून खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी ते गाडी मागे घेत होते आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी रिकामी होती, कुंपणाला टेकून थांबली, कुणाला काही झालं नाही. पण तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून बघितलं, तर रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशी. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, आकडा खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय गाडी चालवायची चिठ्ठी देणार नाही. शाळेनेही तेच सांगितलं. बदली ड्रायव्हर आला.

त्या दिवसापासून घराची रया गेली. रोज सकाळी पिवळी गाडी घरावरून जायची. हॉर्न ऐकला की राजानंदराव दारात येऊन उभे राहायचे, गाडी वळणाआड गेली की आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मोनालीने मोबाइलवर बघून घरातली सगळी पाकिटं वाचायला घेतली. माझ्या पाठीवर बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते तिने मोठ्याने वाचलं. "मम्मी, याच्यात बी मीठच हाय. साखर तर ईचारूच नको."

टोमॅटोचं चित्र पुढे मिरवायचं आणि मीठ पाठीमागे लपवायचं, असं माझं रूप उघडं पडलं. उरलासुरला सॉस मोरीत गेला. आता उकिरड्यावर जायची पाळी आपली, असं मी धरूनच चालले होते. पण दैवशालाबाईंनी मला कढत पाण्यात बुडवलं, राखेने घासलं, चित्र खरवडून काढलं आणि उन्हात ठेवलं. "चांगली बाटली हाय, कामाला यील," एवढंच म्हणाल्या. माझ्याविषयी कुणी पहिल्यांदाच चांगलं बोललं होतं.

पण कामाला आले ती कशी, ते ऐका. सांगताना अजून जड जातं.

बचत गटाच्या बैठकीत द्वारकाबाईंनी सांगितलं, की बाजारच्या बारीक मिठात सगळा रोग असतो, सैंधव मात्र निसर्गाची देणगी. दैवशालाबाईंनी ती गोष्ट मनावर घेतली. आठवडी बाजारातून गुलाबी खडे आणले, खलबत्त्यात कुटले, चाळले आणि माझ्यात भरले. पांढऱ्या मिठाचा डबा माळ्यावर गेला. लोणची-पापड बंद झाले. पण त्या गुलाबी पुडीची चव जराशी सौम्य, म्हणून वरणात एका चमच्याच्या जागी दोन पडू लागले. ताटाच्या डाव्या कोपऱ्यातली चिमूटही मोठी झाली.

"घ्या की अजून," बाई प्रेमाने म्हणायच्या. "हे नैसर्गिक हाय. हे कितीबी खाल्लं तरी बाधत न्हाई."

गोळी खाऊन, पापड सोडून, वर बायकोचा हा सढळ हात. राजानंदरावांनाही बरं वाटलं. पथ्य इतकं चवदार असतं हे कुणाला माहीत होतं? बाईंनी गटातल्या चार जणींनाही हेच सांगितलं. मी फळीवरून सगळं पाहत होते. मला तोंड असून बोलता येत नाही, याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

महिनाभराने परत तपासणी. बाईंनी मला पदराच्या टोकाने पुसलं आणि पिशवीत घालून सोबत नेलं. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं ना, आपण घरात केवढा बदल केलाय तो.

पट्टा सुटला. आकडा होता तिथेच होता, उलट थोडा वरच.

"गोळी चुकवली का?"

"एक दिवस न्हाई," राजानंदराव म्हणाले. "पापड सोडलं, लोणचं सोडलं. बिलकुल शिवलो न्हाई."

"मीठ?"

तेव्हा दैवशालाबाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "मीठ तर बंदच केलं मॅडम. हे वापरून राह्यलो आमी. घरी कुटलेलं."

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, बोटावर थोडं घेऊन जिभेला लावलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हे मीठच आहे. जमिनीतून निघालं, रंग गुलाबी आहे, एवढाच फरक. रक्तदाबाला रंग कळत नाही. रोज किती लागतं हे?"

बाईंनी किती लागतं ते सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "म्हंजे मीच यांना..." त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण घट्ट लावलं.

राजानंदराव मला उचलून पिशवीत ठेवत म्हणाले, "तू काय इख थोडंच घातलं? चल, एस्टी जाईल." त्या माणसाने रागाचा एक शब्द काढला नाही. पण रस्ताभर पिशवी बाईंच्या मांडीवर होती आणि तिचं तोंड त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

घरी येऊन त्या चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. शेजारच्या गौहरआपा, शिवणकाम करतात त्या, ब्लाउजचं माप घ्यायला आल्या आणि हे बघून तिथेच बसल्या. सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या घरी त्यांच्या सासऱ्यांचं हेच दुखणं होऊन गेलेलं.

"अगे दैवशाला, रोती कायको?" आपा म्हणाल्या. "जबान को नमक की आदत रहती. एकदम छुडाए तो जबान रूठ जाती. खट्टा बढाव, लसन बढाव, जीरा भून के डाल. नमक की जगह पे कुछ तो रखना पडता ना."

'जगह' हा शब्द बाईंच्या मनात नेमका बसला असावा. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यातलं सैंधव एका डब्यात काढून ठेवलं, मला पुन्हा धुऊन वाळवलं आणि कामाला लागल्या.

जवस लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजले, तडतडून उड्या मारू लागले तसे उतरवले. तीळ भाजले, जिरं भाजलं. अंबाडीची लाल बोंडं आपांनी वाळवून ठेवलेली होती, ती आणली. लसणाच्या पाकळ्या, सुकी मिरची. सगळं पाट्यावर जाडसर वाटलं. मीठ घालायची वेळ आली तेव्हा हात सवयीने डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. एवढ्या सगळ्या चटणीला त्यांनी पाव चमचा मीठ घातलं, तेही सपाट करून. मग ती चटणी माझ्यात आली. खमंग, आंबट, अंगाला उबदार लागणारी. माझ्यात भरलेल्या सगळ्या गोष्टींपैकी पहिल्यांदा मला काहीतरी आपलं वाटलं.

रात्री ताट वाढलं. डाव्या कोपऱ्यात, मिठाच्या जागेवर, बाईंनी ही चटणी वाढली. राजानंदरावांचं बोट नेहमीसारखं आधी तिथेच गेलं. वरणभात मात्र अळणीच. त्यांनी दोन घास खाल्ले.

"सपक हाय," ते म्हणाले.

"व्हय, हाय," बाई म्हणाल्या. "मी बी तेच खाऊन राह्यले. मोनाली बी. तुमच्या एकट्यावरच आलं न्हाई हे."

पहिले आठ दिवस कठीण गेले. एका दुपारी घरात कुणी नसताना राजानंदराव स्टूल घेऊन माळ्याखाली उभे राहिले. वरचा डबा काढला, झाकणही उघडलं. एवढ्यात बाहेर पिवळ्या गाडीचा हॉर्न वाजला. ते तसेच उभे राहिले, गाडी जाईपर्यंत. मग डबा वर ठेवला, मला उघडलं आणि शिळ्या भाकरीवर दोन चमचे चटणी घेऊन खाल्ली. संध्याकाळी त्यांनी हे बायकोला आपणहून सांगितलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, "डबाच देऊन टाकते मी अंगणवाडीला."

हळूहळू जिभेची समजूत पटली. पुढच्या महिन्यात मोनालीच्या मैत्रिणीकडे जेवायला गेले, तर राजानंदरावच म्हणाले, भाजी खारट आहे. गोळी रोज चालूच होती, तिचं श्रेय मी लाटणार नाही. गोळीने तिचं काम केलं, आणि तिच्या कामात कोलदांडा घालणारं कुणी घरात उरलं नाही.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा पट्टा बांधला, आठ-आठ दिवसांनी. तिन्ही वेळा आकडा एकशे चाळीसच्या खाली. तिसऱ्या वेळी त्यांनी चिठ्ठी लिहिली. राजानंदराव ती खिशात ठेवायला विसरले, हातातच धरून घरापर्यंत आले.

आता खरं तर माझी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दैवशालाबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. पुढच्या बैठकीला त्या मला घेऊन गेल्या. जय भीम घातला, बसल्या, आणि सगळ्या जमल्यावर उठून उभ्या राहिल्या.

"मी तुमाला सैंधव सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ते मीठच असतंय. कमीच खायचं. मी यांना माझ्या हातानं जास्त घातलं, महिनाभर. चूक झाली माझी. तुमच्यात कुणी तसं करून राह्यलं असंल तर आजच बंद करा."

सगळ्यांच्या नजरा द्वारकाबाईंकडे गेल्या, पण दैवशालाबाईंनी त्यांचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मग द्वारकाबाईच उठल्या, जवळ आल्या आणि तळहात पुढे केला. "काय घालतीस आता? मला बी दे थोडी. आमच्या मालकाला बी गोळी चालू हाय."

बाईंनी एक चमचा दिला. मग दुसरा हात पुढे आला, मग तिसरा. मी तळापर्यंत रिकामी झाले. रिकामं होताना कुणी एवढं सुखावतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आत्ता मी धुऊन, पुसून अंगणातल्या कट्ट्यावर पालथी पडलेय. आत तव्यावर जवस तडतडतायत. थोड्या वेळापूर्वी पिवळी गाडी गेली, राजानंदराव चालवत होते. बाई दारात आल्या होत्या, गाडी वळेपर्यंत थांबल्या आणि आत गेल्या.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी बाटली असेल तर तिची पाठ एकदा वाचा. आणि नैसर्गिक आहे म्हणून कुणी काही दिलं, तर किती घ्यायचं तेही विचारा. एवढंच मागणं.

बाकी मला मागायचं काही नाही, द्यायचे ते आभार. दैवशालाबाई, तुमची चूक तुम्ही माझ्यात भरलीत, आणि ती कळल्यावर मला फोडलं नाहीत, फेकलं नाहीत. धुतलंत आणि पुन्हा भरलंत.