खार

अण्णा वकिलांनी जुनी मोटार घ्यायच्या आधी ठाण्याच्या घराशेजारी तिच्यासाठी खोली बांधली. तिची सिमेंटची जमीन माजिवड्याच्या भिवाने केली. जन्मभर मिठागरावर राबलेल्या भिवाचं हे पहिलंच स्वतंत्र काम. आठ दिवस ओली गोणपाटं अंथरून त्याने ती जमीन तान्ह्या लेकरासारखी जपली. महिनाभरात मोटारीने तिच्यावर परातीएवढा तेलाचा डाग पाडला.

अण्णांची सून सुमेधा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. डाग काढायचं तिने अंगावर घेतलं.

"बाई, वर भुसा टाका, तेल पिऊन घेल. मंग खार लावा," भिवाची बायको सगुणा म्हणाली. ती घरी धुण्याला यायची.

मिठागरातली बाई दुसरं काय सांगणार? ओसरीवरच्या शेजारणींकडे पाहत सुमेधा म्हणाली, "तेल आहेच, वर मीठ. थांबा, मोहरी आणते, लोणचंच घालू या!"

सगळ्या हसल्या. सगुणाने बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी सुमेधाने शाळेतून तेजाबाची बाटली आणली. ओतताच पांढरा फेस फसफसून आला. डाग सुटतोय अशा समजुतीने ती ओतत राहिली. फेस बसला तेव्हा डाग तसाच होता आणि भोवतीची जमीन खरबरीत होऊन वाळू उघडी पडली होती. तेजाब तेलाला शिवलंच नव्हतं. त्याने सिमेंटमधला चुना खाल्ला होता. खडूवर तेजाब टाकून हाच फेस ती दरवर्षी आठवीच्या मुलींना दाखवत असे.

तिने वर गोणपाट ओढलं.

शनिवारी अण्णांनी ते उचललं आणि भिवाला बोलावणं धाडलं.

"महिन्यात वाळू वर? परमिटावर मिळालेलं सिमेंट कुठे गेलं रे? विकलंस?"

भिवा उकिडवा बसून बोटांनी वाळू चाचपत राहिला. "मापात घातलंय, अण्णा." मग खाली मान घालून म्हणाला, "पुन्ना करून देतो."

सुमेधा दारात उभी होती. बोलायला हवं होतं. तिने नजर उंबऱ्याकडे वळवली.

उंबऱ्यापाशी तेलाचा एक लहान डाग होता. सगुणाने सकाळीच त्यावर भुसा टाकून ठेवला होता. तो झाडून आता तिने पुडीतली पांढरी पूड टाकली, कढत पाणी ओतलं आणि काथ्याने घासलं. डाग फिका होत गेला.

"हे काय आहे?" सुमेधाने हळूच विचारलं.

"खार. पापडाचा."

"मला वाटलं, मीठ."

"मीठ कशाला बाई? मीठ काय असतं ते आमाला ठावं हाय." सगुणाने मान वर केली नाही. आवाज उतरवून म्हणाली, "तुमच्या लुगड्याच्या काठाला भोकं पडलीत. मीच धुतलं ना. तवाच वास आला."

म्हणजे हिला चार दिवस ठाऊक होतं. नवरा चोर ठरत असतानाही ही गप्प होती.

"अण्णा," सुमेधा म्हणाली, "भिवाने सिमेंट चोरलं नाही. मी तेजाब ओतलं."

अण्णा मोठ्याने हसले. "अगं, एवढंच ना? शास्त्र शिकलेली सून! जा रे भिवा, तुझी चूक नाही."

"हसू नका, अण्णा. त्याला चोर म्हणालात."

अण्णांचं हसू विरलं, पण ते तसेच आत गेले.

भिवा उठला. त्याने सुमेधाकडे पाहिलं नाही. सगुणाच्या हातून पुडी घेत तो म्हणाला, "चल, लई झाला खार."

सुमेधा खाली बसली. उरलेलं कढत पाणी ओतून तिने काथ्या उचलला आणि ती मोठा डाग घासायला लागली. ओसरीवरून शेजारीण ओरडली, "काय गं, लोणचं मुरलं का?"

ती घासत राहिली. कढत पाण्याने बोटं चुरचुरत होती. तिने हात मागे घेतला नाही.