विंचवाच्या भावकीतलं

लातूर जिल्हा नवा झाला, पण दुष्काळ जुनाच होता. उस्मानाबादेतून तो विनाअर्ज वर्ग होऊन आला. देवणीजवळच्या एका गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. भूजलवाल्यांनी दोन जागा सारख्याच योग्य ठरवल्या: सरपंच ईश्वरप्पांच्या मळ्याचा बांध, नाहीतर बौद्धवाड्यामागचा कोरडा ओढा. मग निवाड्याला ईश्वरप्पांनी जमिनीतलं पाणी काठीनं सांगणारा आपला भरवशाचा पाणाड्या आणला, मडिवाळप्पा.

साहेबराव उदगीरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घर बौद्धवाड्यात. तिथल्या बाया ईश्वरप्पांच्या विहिरीवर जात आणि कुणी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत बाजूला उभ्या राहत. त्यात साहेबरावांची बायको पंचशीलाही. ही रीत कायद्यानं केव्हाच बंद केली होती. विहिरीपर्यंत बातमी पोचायची होती. विहीर ओढ्यातच व्हावी, एवढंच साहेबरावांना हवं होतं.

त्यांच्या फौजी भावानं ओरिसाच्या समुद्रकाठून नालखेकड्याचं कवच आणलं होतं. घोड्याच्या नालेसारखं, मागं लांब काटा. जेवताना साहेबराव म्हणाले, "नावाचाच खेकडा. भावकी विंचवाची." पंचशीलेनं एवढंच ऐकलं आणि विंचवाचं घरात नको म्हणून सकाळी ते कवच ओढ्यात भिरकावलं.

मडिवाळप्पा लिंबाची दुबेळकी काठी धरून ओढ्यात उतरला. मागं ईश्वरप्पा, साहेबराव आणि खुंटी घेतलेला सरकारी ओव्हरसियर. काठी हलली नाही, पण पाय कवचावर पडला.

"खेकडा हाय. जिथं खेकडा, तिथं झरा."

ईश्वरप्पांचा चेहरा पडला. "परफेसर, तुमी शिकलेले. सांगा ह्याला, खेकडा न्हाई म्हणून."

"नाहीच. विंचवाच्या भावकीतलं आहे. रक्त निळं, डोळे नऊ-दहा."

"आयकलं का, मडिवाळप्पा?"

"भावकी कुणाची बी असंना. राहतंय कुठं?"

"पाण्यात," साहेबराव म्हणाले.

"मेलंय की ते," ईश्वरप्पा म्हणाले. "पाणी आटलं, मेलं."

"मेलं नाही. कात टाकलीय. पुढच्या कडेला कवच उकलतं, त्यातून अंग काढून घेतं आणि पुढं जातं."

"मग आता कुठं हाय?"

"पाण्यातच."

मडिवाळप्पानं पायाखाली बघितलं. ते इथं आलं कसं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण खरं सांगितलं असतं, असं साहेबराव स्वतःला बजावत राहिले.

"पाणी गोड असतंय का त्याचं?" ईश्वरप्पांनी शेवटचा डाव टाकला.

साहेबरावांनी चष्मा पुसला. शास्त्राशी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"त्याला तरी गोडच लागतं."

ओव्हरसियरला उन्हाचा कंटाळा आला होता. त्यानं कवचाच्या शेजारीच खुंटी ठोकली.

ईश्वरप्पा आवाज उतरवून म्हणाले, "परफेसर, आमची हीर बी तळाला लागलीय. उद्या आमच्या बाया हितं आल्या तर?"

"येऊ द्या की, सरपंच. फक्त दोर ज्याचा त्यानं आणायचा. इथं वरून ओतायला कुणी उभं राहणार नाही."