रुमालाखालचा भाव

निपाणीच्या जुन्या वखारींत अजूनही तंबाखूचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि मुंडी हलली की सौदा पक्का. शेजारी उभा असलेल्याला त्यातलं काही कळत नाही. कळतं ते फक्त मधल्या दलालाला, आणि त्यानं ते पोटात ठेवायचं असतं.

सुबराव दलालानं चाळीस वर्षं ठेवलं. बायको गेली, तिलाही कधी सांगितलं नाही. बाजारात त्याचं नाव होतं ते एवढ्याचसाठी. आणि गड्याला त्याचा लई माज होता, खोटं कशाला बोला!

एप्रिलात मारुतीरावांच्या कंपनीच्या मागच्या वखारीतले चाळीस बोद, म्हणजे तंबाखूची मोठी पोती, सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं उचलले. आदल्या पावसाळ्यात तिथं पाणी शिरलं होतं. बोदाचं वरचं पान धडधाकट, हात कोपरापर्यंत आत घातला की पांढरी बुरशी. रुमालाखाली बोटं बासष्टवर थांबली. बासष्ट रुपये किलो. मारुतीरावांचा चेहरा तेव्हा हलला नाही, सुबरावाचाही नाही. पण वखारीत त्याच मालाचे आणखी बारा लाख किलो पडून होते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मे महिन्यात पुण्याहून हिशोबतपासनीस आली. प्रियदर्शनी तिचं नाव, तिशीच्या आतबाहेरची, बारीक नजरेची. परदेशातली एक मोठी कंपनी मारुतीरावांच्या धंद्यात भांडवल घालणार होती, म्हणून या वर्षापासून सगळे हिशोब आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे लावायचं ठरलं होतं. आजवर माल खरेदीच्या भावानं लिहायचे, आणि बाजार पडला तर पडलेल्या भावानं. आता नवा नियम आला. माल आज विकायला काढला तर बाजारात काय येईल, तेवढीच त्याची किंमत.

नियम वाईट नव्हता हो. उलट सरळ होता. आज काय येईल, एवढंच विचारत होता. पण उत्तर द्यायला माणूस लागतो ना!

प्रियदर्शनीनं बोद मोजले, पुढच्या रांगेतले दोन उघडून बघितले. मग ती भाव शोधायला निघाली. बाजार समितीच्या फळ्यावर भाव होते, पण ते चांगल्या पानाचे, उघड लिलावातले. या प्रतीचा माल विकला जातो तो रुमालाखाली, त्याचा कागद कुठंच नाही. एप्रिलातल्या सौद्याचं बिल मारुतीरावांनी पुढं आणलंच नव्हतं. म्हणून तिनं बाजारातला जाणकार माणूस कोण म्हणून चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी एकच नाव आलं.

वखारीच्या दारात खुर्च्या टाकल्या. मारुतीराव तिथंच उभे होते, हात मागं बांधून.

"काका, या मालाचा आजचा भाव तुम्ही काय धराल?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"मालक सांगत्याल त्योच."

"मालक एकशे चाळीस म्हणतात. तुम्हाला तो चुकीचा वाटतो का?"

सुबरावाच्या जिभेवर बासष्ट आलं होतं. चुकीचा म्हणावं, तर बरोबर कुठला ते सांगावं लागणार. म्हणजे बोटांनी सांगितलेलं तोंडानं बोलायचं, आणि तेही मालकासमोर. संध्याकाळपर्यंत अख्ख्या निपाणीत झालं असतं, सुबरावानं भाव फोडला म्हणून.

"मी काय बोलू बाई? तुमी लिवा," तो म्हणाला.

तिनं पेन उचललं नाही. "काका, नक्की ना? हा आकडा लोक वाचणार आहेत. त्याच्यावर विसंबून पैसे टाकणार आहेत."

सुबरावानं नुसती मुंडी हलवली. मग एकशे चाळीसचा कागद पुढं आला आणि त्यानं सही केली. कुणाकडून पैसा घेतला नाही. उलट धर्म राखला, अशा ऐटीत घरी गेला. कसला डोंबलाचा धर्म! बुरशी मालकाची, आणि ती झाकली यानं.

जुलैत कंपनीचा अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, आत मराठीत चार पानांचा सारांश. शिल्लक माल सोळा कोटी ऐंशी लाखांचा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: मूल्यांकन आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, भावाची पडताळणी स्थानिक जाणकाराकडून. त्याच महिन्यात कंपनीनं आजी-माजी कामगारांसाठी ठेव योजना काढली, साडेअकरा टक्क्यांची.

सुबरावाची थोरली बहीण बायाक्का त्याच वखारीत तीस वर्षं पान निवडून गेल्या साली निवृत्त झाली होती. ग्रॅच्युइटीचे तीन लाख दहा हजार आले होते, ते नात ऋतिकाच्या नर्सिंगसाठी. पोरीला आईबाप नाहीत, बेळगावात वसतिगृहावर राहून शिकत होती. पहिलं वर्ष पार पडलं होतं.

ऑगस्टात बायाक्का पेढे घेऊन भावाच्या दारात आली. "सगळं ठेवलं बघ कंपनीत. येईल त्या व्याजात पोरीच्या खानावळीचं भागतंय, आनि मुद्दल फीला."

सुबरावाच्या हातातला पेढा हातातच राहिला. "मला इचारलं न्हाईस, आक्का?"

"तुला काय इचारायचं? ऋतिकानं वाचून दावलं की. त्यो जाणकार म्हंजी तूच, सगळ्या गल्लीला ठावं हाय. तुझी सही हाय म्हटल्यावर मी बिनघोर ठेवलं."

ठेव पंधरा दिवसांत मोडता येत होती. त्या पंधरा दिवसांत सुबराव दोनदा तिच्या घरी गेला. एकदा चहा पिऊन आला. एकदा जेवून आला. तिला सांगितलं असतं तर तिनं शेजारणीला सांगितलं असतं, बायका वखारीवर चालून गेल्या असत्या, आणि मग पुण्याची ती पोरगी सहीचा कागद घेऊन याच्या दारात उभी राहिली असती. मालकाकडं परदेशी पैसा येतोय, निभावून जाईल, असं त्यानं मनाला समजावलं. भ्याला. दुसरं काही नाही.

डिसेंबरात परदेशी कंपनीनं स्वतःची माणसं पाठवली. त्यांनी शेवटच्या रांगेपर्यंत बोद फोडले आणि भांडवल न घालताच आल्या पावली परत गेली. महिन्यात बँकेनं थकलेल्या कर्जापायी वखारीला कुलूप घातलं. मारुतीरावांचा फोन लागेना. विकून येईल ते आधी बँकेचं, ठेवीदारांना उरलं तर, असं कोर्टाच्या माणसानं बायकांना सांगितलं. उरणार काहीच नव्हतं.

वखारीसमोर शंभरभर बायका बसून होत्या. सुबराव तिथं गेला आणि सगळ्यांच्या देखत एकदाचं बोलला, "माल बासष्टचा व्हता."

बायाक्का उठून त्याच्यासमोर आली.

"तुला कवा कळलतं?"

"एप्रिलात."

"आनि माझ्याकडं जेवाय आलतास त्यो कंचा म्हयना?"

उत्तर तिला लागतच नव्हतं. ती पदर खोचून घराकडं चालायला लागली.

फेब्रुवारीत सुबरावानं बँकेतली स्वतःची शिल्लक काढली, वर बायकोच्या पाटल्या विकल्या, आणि पैसे कापडी पिशवीत घालून बहिणीच्या घरी गेला. दार उघडंच होतं. दाराआड ऋतिकाची बेळगावहून परत आलेली ट्रंक. पोरगी भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन बसलेली, विडी वळायला शिकत होती. पान फाटत होतं. बायाक्का तिचा हात धरून दाखवत होती.

"आक्का," सुबराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "एक लाख पंच्याऐंशी हजार हाईत. मोजून आणल्यात."

बायाक्कानं मान वर केली नाही. "घिऊन जा. तू सांगितलेला आकडा आता मला खरा वाटत न्हाय."

"मोजून बघ की गं, आक्का."

"मी कशाला मोजू? तुझी सही बघून मी मोजायचं सोडलं, त्यातच पोरगी हितं बसली."

ऋतिकानं सूप खाली ठेवलं, हात पुसले, आणि उठून दार लावून घेतलं.